अपग्रेडच्या आधी बॅकलॉग क्लिअर करा!

नवा हँडहेल्ड गेमिंग कन्सोल घ्यायचाय? की जुना विकून नवा घ्यायचाय? घरी विषय काढण्याआधी बॅटरी, बिल आणि अर्धवट राहिलेले गेम्स, या तिन्हींचा हिशेब एकदा मांडून बघा.

‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ हा गेम तुमच्यापैकी काहींनी खेळला असेल. हरवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली राजी आणि तिच्या वाटेत येणारे असुर, देवळं, जुने महाल. हा गेम बनला कुठे माहितीये? आपल्या पुण्यात. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या इथल्या छोट्या स्टुडिओनं तो तयार केला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न फसला, तरी ही मंडळी मागे हटली नाहीत. १८ ऑगस्ट २०२० ला गेम आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकनही मिळालं.

आता गंमत बघा. हा गेम सगळ्यात आधी आला तो निन्टेंडो स्विचवर. पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवाल्यांना ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागलं. आणि स्विच हा हातात धरून खेळायचा कन्सोल निन्टेंडो कंपनी भारतात अधिकृतपणे विकतच नाही. म्हणजे पुण्यात बनलेला गेम ज्या यंत्रावर पहिल्यांदा खेळता आला, ते यंत्र कंपनीच्या भारतीय वॉरंटीसह पुण्यात मिळत नव्हतं. आजही मिळत नाही.

तरी ते मिळतं, हे तुम्हाला माहीत आहेच. कुणाचा दादा अमेरिकेहून येताना आणतो, कुणी दुबईहून मागवतो, कुणी ‘इम्पोर्टेड पीस’ म्हणून दुकानातून घेतो. हौसेला मोल नसतं म्हणतात. पण हँडहेल्डच्या बाबतीत मोल असतं, आणि ते डब्यावरच्या किमतीपेक्षा बरंच जास्त असतं. म्हणूनच हा लेख. ‘घेऊ नका’ सांगायला नाही. घेताना नेमकं काय विकत घेताय, ते बघून घ्या, हे सांगायला.

बाजारात आहे काय?

आधी एक गोष्ट मान्य करू. आपल्यापैकी बहुतेकांचा पहिला हँडहेल्ड म्हणजे मोबाइलच. पुण्याच्याच सुपरगेमिंग कंपनीनं ‘इंडस’ हा बॅटल रॉयल गेम २०२४ मध्ये आणला, तोही मोबाइलवर. टचस्क्रीनवर तुमचं समाधान होत असेल, तर पुढचे ५०-६० हजार रुपये इथेच वाचले. पण ज्यांना खरी बटणं हवीत, काचेवर अंगठे घासून कंटाळा आलाय, त्यांच्यासमोर मोठ्या कंपन्यांचे साधारण तीन पर्याय आहेत.

पहिला, निन्टेंडोचं घराणं. २०१७ चा मूळ स्विच, २०१९ चा लाइट, २०२१ चा ओलेड आणि ५ जून २०२५ ला आलेला स्विच टू. मारिओ, झेल्डा, पोकेमॉन हवे असतील तर दुसरीकडे जायची सोय नाही.

दुसरा, हातात मावणारे पीसी. वाल्व कंपनीचा स्टीम डेक २०२२ मध्ये आला आणि या प्रकाराला जोर आला. तोही भारतात अधिकृतपणे विकला जात नाही. पण असूसचा आरओजी ॲलाय जुलै २०२३ मध्ये भारतात रीतसर आला, ६९,९९० रुपयांना. पाठोपाठ लेनोवोचा लीजन गो आणि एमएसआयचा क्लॉही इथे आले.

तिसरा, सोनीचा प्लेस्टेशन पोर्टल. हा स्वस्त वाटतो, म्हणून बरेच जण फसतात. पोर्टल स्वतः गेम चालवत नाही. तुमच्या घरच्या पीएस फाइव्हवर चालणारा गेम तो वाय-फायवरून हातातल्या स्क्रीनवर दाखवतो. पीएस फाइव्ह गावाकडे हॉलमध्ये आणि तुम्ही पुण्यात हॉस्टेलच्या वाय-फायवर, असा मामला असेल तर दोन्हीकडचं नेट धड चालायला हवं. रात्री दहा वाजता हॉस्टेलच्या नेटची काय अवस्था असते, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

गेम बॉय का जिंकला?

तुमच्या मोठ्या भावाबहिणींना, काका-मावशीला विचारा. नव्वदच्या दशकात जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानात ‘९९९९ इन १’ लिहिलेला ब्रिक गेम मिळायचा. गेम्स ९९९९ कधीच नसायचे. ठोकळे पाडायचा खेळ आणि त्याची भावंडं, एवढंच. पण पेन्सिल सेल टाकले की ते यंत्र दिवसेंदिवस चालायचं. अख्खी मे महिन्याची सुट्टी त्यावर निघायची.

मोठ्या कंपन्यांच्या लढाईतही हेच घडलं. निन्टेंडोनं १९८९ मध्ये गेम बॉय आणला. स्क्रीन हिरवट, रंग नाहीत, मागून उजेडही नाही. पुढच्याच वर्षी सेगाचा गेम गियर आला. रंगीत आणि उजेड असलेली स्क्रीन! कागदावर बघितलं तर गेम बॉयचा निकाल तिथेच लागायला हवा होता. पण गेम गियर सहा पेन्सिल सेल घ्यायचा आणि काही तासांत संपवायचा. गेम बॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट चालायचा. शेवटी गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८० लाखांहून जास्त विकले गेले. गेम गियर एक कोटीच्या आसपास थांबला.

गेम बॉयमागचा माणूस गुनपेई योकोई. जुनं, स्वस्त झालेलं, खात्रीचं तंत्रज्ञान घ्यायचं आणि त्याचा नवा उपयोग शोधायचा, हे त्यांचं सूत्र. हातात धरायच्या यंत्रात ताकदीपेक्षा टिकणं महत्त्वाचं, हे त्यांना पस्तीसेक वर्षांपूर्वी कळलं होतं. आपण मात्र अजूनही व्हिडिओ रिव्ह्यू बघताना आधी ‘एफपीएस किती मिळतात?’ हेच विचारतो.

‘नवीन’मध्ये नवीन काय?

आता अपग्रेडकडे येऊ. कंपन्यांनी स्वतः नवी आवृत्ती काढताना काय बदललं ते बघा, म्हणजे जुन्यात काय कमी होतं तेही कळेल.

आरओजी ॲलाय नंतर ॲलाय एक्स आला. प्रोसेसर जवळजवळ तोच! बदललं काय? बॅटरी ४० वॉट-अवरची थेट ८० झाली, रॅम १६ जीबीची २४ झाली, आणि वजन ६०८ ग्रॅमवरून ६७८ वर गेलं. स्टीम डेकचा ओलेड मॉडेल नोव्हेंबर २०२३ मध्ये आला. त्याचाही वेग जवळपास तेवढाच. बॅटरी मात्र ४० ची ५० आणि स्क्रीन अधिक चांगली. दोन वेगळ्या कंपन्यांनी एकच कबुली दिली की लोकांना वेग कमी पडत नव्हता, चार्जिंग कमी पडत होतं.

हा वॉट-अवर काय प्रकार आहे? सोपा हिशेब आहे. मूळ ॲलाय टर्बो मोडवर चालवला तर चिप एकटीच २५ वॉट खाते. बॅटरी ४० वॉट-अवर. ४० भागिले २५ म्हणजे १.६ तास. त्यात स्क्रीन, वाय-फाय, आवाज धरा, की उरतो तास-दीड तास. डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला तीन तासांपेक्षा थोडा जास्त वेळ घेते. म्हणजे पुण्याला सुरू केलेला गेम घाट उतरेपर्यंत बंद. हाच ॲलाय १० किंवा १५ वॉटवर ठेवला आणि हलका गेम खेळलात, तर वेळ बराच वाढतो. पण मग एवढी ताकद विकत घेऊन ती बंद करून खेळायची, हे लक्षात घ्या.

स्विच टूचा किस्सा उलटा आहे. तो मूळ स्विचपेक्षा खरोखर खूप ताकदवान आहे. स्क्रीन ७.९ इंची, आतली जागा २५६ जीबी. पण निन्टेंडोच्याच आकड्यांप्रमाणे तो एका चार्जवर साधारण २ ते ६.५ तास चालतो. जुना स्विच ओलेड ४.५ ते ९ तास चालतो. वजन जॉय-कॉनसह सुमारे ४२० ग्रॅमवरून ५३४ वर गेलंय. शिवाय ओलेडवाल्यांना परत एलसीडी स्क्रीनवर यावं लागतं. टीव्हीला लावून खेळणाऱ्यासाठी ही मोठी सुधारणा आहे. झोपून, बसमध्ये, लेक्चरच्या मधल्या सुट्टीत खेळणाऱ्यासाठी तो चढ आहे की उतार, ते ज्यानं त्यानं ठरवायचं.

म्हणून पहिला नियम. ‘नवा आलाय’ हे अपग्रेडचं कारण होऊ शकत नाही. सध्याच्या कन्सोलबद्दलची तुमची तक्रार एका वाक्यात लिहा. ‘बॅटरी टिकत नाही’, ‘अमुक गेम यावर येतच नाही’, ‘जागा पुरत नाही’. मग बघा, नवं यंत्र ती तक्रार दूर करतंय का. आणि ती दुरुस्तीनंच दूर होत असेल तर? जागा कमी पडत असेल तर मोठं मेमरी कार्ड काही हजारांत येतं. ॲलाय आणि स्टीम डेकमधली एसएसडीही बदलता येते. फक्त वॉरंटी चालू असेल तर आधी विचारून घ्या. स्टिक आपोआप सरकत असेल, म्हणजे ज्याला ड्रिफ्ट म्हणतात, तर बहुतेक वेळा स्टिकचा भाग झिजलेला असतो. तो भाग बदलता येतो. त्यासाठी पन्नास हजारांचं यंत्र बदलायची गरज नसते.

डब्याबाहेरचा खर्च

कन्सोल घेतला की खर्च संपला, असं ज्याला वाटतं त्यानं अजून कन्सोल घेतलेला नसतो.

स्विच टू अमेरिकेत ४४९.९९ डॉलरना आला. नुसत्या विनिमय दरानं ते चाळीस हजारांच्या आसपास जातात. त्यावर कस्टम, वाहतूक आणि विकणाऱ्याचा नफा. त्यातून आणखी एक मेख. तुमच्या जुन्या स्विचमधलं मायक्रोएसडी कार्ड स्विच टूमध्ये गेम साठवायला चालत नाही. त्याला ‘मायक्रोएसडी एक्सप्रेस’ हा नवा, महाग प्रकार लागतो. ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ हा एकच गेम अमेरिकेत ७९.९९ डॉलरचा आहे, म्हणजे आपले सात हजारांच्या आसपास. निन्टेंडोच्या ऑनलाइन दुकानात भारताचा विभाग नाही, म्हणून दुसऱ्या देशाचं खातं आणि गिफ्ट कार्ड हा उद्योग आलाच.

दिलासा एवढाच की जुन्या स्विचचे बहुतेक गेम स्विच टूवर चालतात. आणि निन्टेंडोची गेम कार्डं विकता, बदलता येतात. अप्पा बळवंत चौकात मागच्या वर्षीची पुस्तकं देऊन पुढच्या वर्षीची आणायची सवय आपल्याला आहेच. फ्लॅटवर चौघांकडे स्विच असेल, तर चार वेगळी कार्डं घ्या आणि फिरवा. डाउनलोड केलेला गेम असा चौकात विकता येत नाही. फक्त नवीन डब्यावर ‘गेम-की कार्ड’ लिहिलंय का ते बघा. तसं असेल तर कार्डात पूर्ण गेम नसतो, तो नेटवरून उतरवावाच लागतो.

हातातल्या पीसीचा हिशेब वेगळा. यंत्र महाग, पण स्टीमवर गेम्सच्या किमती रुपयांत असतात आणि उन्हाळी-हिवाळी सेलमध्ये बऱ्याच उतरतात. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे स्टीमवर घेतलेला गेम लॅपटॉपवर चालतो, डेकवर चालतो, ॲलायवर चालतो आणि पाच वर्षांनी जे यंत्र घ्याल त्यावरही बहुधा चालेल. अपग्रेड करताना हीच गोष्ट सगळ्यात जास्त पैसे वाचवते. पण ‘पीसी आहे म्हणजे सगळं चालेल’ असं समजू नका. व्हॅलोरंटसारख्या गेमची चीट पकडणारी यंत्रणा विंडोजवरच चालते, त्यामुळे तो स्टीम डेकच्या सिस्टिमवर चालत नाही. घेण्याआधी तुमच्या आवडीचे पाच गेम लिहा आणि एकेक तपासा. कुठला गेम डेकवर नीट चालतो, हे स्टीमच्या पानावरच लिहिलेलं असतं.

आणि डेटा! आजकालचा मोठा गेम १०० जीबीचाही असतो. मोबाइलचा रोजचा दोन जीबी डेटा वापरून तो उतरवायचा म्हटलं, तर पन्नास दिवस लागतील. मिडसेमला सुरू केलेला गेम एंडसेमला खेळायला मिळेल. रूमवर वाय-फाय नसेल, तर ब्रॉडबँडचा महिन्याचा खर्चही या यादीत धरा.

पक्कं बिल घेतलं का?

तपकीर गल्लीत वायर, चार्जर, स्पीकर घ्यायला गेलात तर घासाघीस करताना ‘बिल हवंय की नको?’ हा प्रश्न कधीतरी ऐकला असेल. दोनशे रुपयांच्या केबलला तो चालून जातो. पन्नास-साठ हजारांच्या यंत्राला नाही.

बाहेरून आणलेला कन्सोल घेणं म्हणजे चोरीचा माल घेणं नव्हे, हे आधी स्पष्ट करू. रीतसर कस्टम भरून आणून विकणारेही आहेत. पण कंपनीची वॉरंटी बऱ्याचदा ज्या देशात विकला त्या देशापुरती असते. मग दुकानदार म्हणतो, ‘वॉरंटी आमची.’ ठीक आहे. ती बिलावर लिहून घ्या. किती महिने? फक्त दुरुस्ती की बदलून देणार? स्टिक आणि बॅटरी त्यात आहे का? जीएसटी क्रमांक, यंत्राचा सिरियल नंबर आणि तारीख असलेलं पक्कं बिल घ्या. तोंडी आश्वासन म्हणजे गेम सेव्ह न करता बंद करणं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

बिलाचं महत्त्व पुणेकरांना तर वेगळं सांगायची गरज पडू नये. बिंदुमाधव जोशी यांनी अखिल भारतीय ग्राहक पंचायत सुरू केली ती १९७४ मध्ये, याच शहरात. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ मध्ये आला. आताच्या २०१९ च्या कायद्यानं तुमच्या हातात चांगली ताकद दिली आहे. विकणारा दिल्लीचा असो की चेन्नईचा, तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. पण या सगळ्याला पहिला कागद लागतो तो बिलाचाच.

‘नो कॉस्ट’ ईएमआयची कॉस्ट

‘महिन्याला फक्त आठ हजार’ असं वाचलं की सत्तर हजारांचं यंत्र एकदम आवाक्यात येतं. त्यातून ‘नो कॉस्ट’! पण फुकट व्याज अशी गोष्ट नसते. हे रिझर्व्ह बँकेनंच सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही. म्हणून आता व्याज लावलं जातं आणि तेवढीच रक्कम किमतीत सूट म्हणून दाखवली जाते.

समजा, ७० हजारांचा कन्सोल नऊ महिन्यांच्या हप्त्यांवर घेतला आणि बँकेचा दर वर्षाला १५ टक्के आहे. व्याज होतं सव्वाचार हजारांच्या आसपास. तेवढी सूट मिळाली, तरी त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेसातशे-आठशे रुपये, तुम्हीच भरता. वर प्रोसेसिंग फी. शिवाय रोख किंवा यूपीआयनं घेतला असता तर काही सूट मिळाली असती का, तेही विचारा; ती गेली तर तोही खर्चच. रक्कम फार मोठी नाही, हे मान्य. पण ‘नो कॉस्ट’ नक्कीच नाही.

कार्ड बहुतेक वेळा बाबांचं असतं. एक हप्ता चुकला की दंड आणि त्यांच्या क्रेडिट स्कोअरवर डाग. पुढच्या वर्षी तुमच्याच एज्युकेशन लोनसाठी तो स्कोअर बघितला जाणार असतो. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपवरून घेत असाल, तर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. ऑक्टोबर २०२४ पासून असं पत्रक देणं बंधनकारक आहे, आणि सगळे आकार धरून वर्षाला खरा दर किती पडतो, ते त्यात लिहिलेलं असतं.

‘थांबलो तर स्वस्त होईल’ हेही गणित आता पक्कं राहिलेलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये निन्टेंडोनं अमेरिकेत आठ वर्षं जुन्या स्विचची किंमत कमी करायची सोडून वाढवली. त्यामुळे पैसे साठलेत, गरज पक्की आहे आणि बिल नीट मिळतंय, तर उगाच वर्षभर ताटकळायचं कारण नाही. मात्र पैसे साठलेले नसताना ‘पुढे महाग होईल’ या भीतीनं हप्ते गळ्यात बांधून घेऊ नका.

जुना विकताना, दुसऱ्याचा घेताना

कॉलेजच्या पोरांना सेकंडहँड हाच सगळ्यात शहाणा मार्ग असू शकतो. नव्याचे नऊ दिवस झाल्यावर अनेक जण कन्सोल विकायला काढतात, तोही जवळपास नव्यासारखा. फक्त मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात पाना-पक्कड घेताना जितकं उलटसुलट करून बघतो, तितकं इथेही बघा.

समोरासमोर भेटा, वर्दळीच्या ठिकाणी, दिवसाउजेडी. यंत्र चालू करून किमान अर्धा तास खेळा. बॅटरीचे टक्के सुरुवातीला आणि शेवटी लिहून ठेवा. सेटिंगमधल्या कॅलिब्रेशनच्या पानावर जाऊन स्टिक गोल फिरवा आणि सोडा. ठिपका मधोमध परत आला पाहिजे, नुसता थरथरला तरी शंका घ्या. पांढरी आणि काळी स्क्रीन लावून मेलेले पिक्सेल शोधा. चार्जिंगची पिन घालून हलवून बघा. वाय-फाय जोडा आणि ऑनलाइन दुकान उघडतंय का ते बघा. छेडछाड केलेल्या कन्सोलला कंपनी ऑनलाइन सेवेतून कायमचं बाहेर काढू शकते आणि ते वरून दिसत नाही. मूळ बिल मागा, सिरियल नंबर जुळवा. ‘बिल हरवलंय, पण एकदम ओके आहे भावा’ असं ऐकलं, तर किंमत निम्मी असली तरी विचार करा.

विकताना तुमचं खातं काढून टाका, सेव्ह क्लाउडवर किंवा नव्या यंत्रावर घ्या, मग फॅक्टरी रीसेट करा. डबा, चार्जर आणि बिल जपून ठेवलं असेल तर किंमत चांगली येते. म्हणजे नव्या कन्सोलचं अपग्रेड सोपं करायचं काम जुन्याचा डबा घरी आला त्या दिवशीच सुरू होतं. आईनं तो डबा रद्दीत घालण्याआधी माळ्यावर टाका!

आणि आता तो बॅकलॉग

इंजिनीअरिंगवाल्यांना हा शब्द ऐकला की घाम फुटतो. गेमिंगमधला बॅकलॉग म्हणजे विकत घेतलेले, पण अर्धवट पडलेले किंवा उघडलेच नाहीत असे गेम्स. सेलमध्ये ‘इतका स्वस्त!’ म्हणून घेतलेले. मित्रानं ‘खेळच’ म्हणून सांगितलेले. पहिल्या बॉसपाशी सोडून दिलेले.

आज रात्री ती यादी काढा. प्रत्येक गेमसमोर तो का सोडला ते लिहा. ‘वेळ नव्हता’ असं उत्तर येत असेल, तर नवा कन्सोल तुम्हाला वेळ देणार नाही. दिवसाचे तास तेवढेच राहणार. उलट हप्ता भरायला पार्टटाइम काम धरलंत तर आणखी कमी होतील. ‘कंटाळा आला’ असं असेल, तर गेम बदला, यंत्र नको. पण ‘हँग होतो’, ‘बॅटरी आधी संपते’, ‘यावर येतच नाही’ अशी उत्तरं तीन-चार गेम्ससमोर आली, तर तुमची गरज खरी आहे. मग बिनधास्त घ्या. त्या यादीतले दोन गेम आधी पूर्ण करा, तोवर पैसेही साठतील आणि मनही ठरेल.

यादीत ‘राजी’ नसेल तर तो जरूर घाला. आपल्या गावात बनलाय, आणि आता तो खेळायला स्विचच हवा असंही नाही, लॅपटॉपवरही चालतो.

आणि घरी विषय काढताना ‘बॅकलॉग क्लिअर झालाय, आता कन्सोल घेऊया’ असं सांगणार असाल, तर कुठला बॅकलॉग ते आधीच स्पष्ट करा. बाबा मार्कशीट मागतील.